नाकातलं फिलर आणि धागे: सुईआधीची तयारी, सुईनंतरचे तास

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे लोक नाक नीट करून घ्यायला नाशिक, पुणे, सुरत, इंदूर गाठतात. ‘ऑपरेशन नाही, नुसतं इंजेक्शन, अर्ध्या तासात सुट्टी’ असं ऐकलेलं असतं, म्हणून त्याच दिवसाची परतीची गाडी ठरलेली असते. चूक तिथेच होते. फिलर म्हणजे आकार बदलायला कातडीखाली सुईने सोडलेलं भरण. नाकातल्या फिलरची सगळ्यात वाईट गुंतागुंत, म्हणजे ते रक्तवाहिनीत शिरून ती तुंबणं, पहिल्या काही तासांत सुरू होते, आणि त्या वेळी माणूस बसमध्ये किंवा ताप्ती लाइनच्या गाडीत असतो. नाक दुखायला लागतं, काळंनिळं पडतं, घरचे म्हणतात, ‘व्हई जाई बरं, सूज आहे.’ सकाळपर्यंत थांबलं की जिथे औषधाने भागलं असतं तिथे कातडी गेलेली असते.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच वागा. तयारीतली एखादी पायरी राहिली असेल, तर तारीख पुढे ढकला.

टप्पा १: नाकाला नेमकं काय हवंय ते ठरवा

फिलर भर घालतं, काही काढून घेत नाही. बसका कणा उंच दिसेल, कण्यावरच्या उंचवट्याच्या वर-खाली भरून तो सरळ भासेल, लहानशी खाच भरेल. फताडं नाक लहान होणार नाही, श्वासाचा त्रास जाणार नाही, वाकडा पडदा सरळ होणार नाही. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांना दाखवा.

नाकावर सुईने किंवा बारीक नळीने होणारे प्रकार मुख्यतः तीन:

हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर. गडबड झाली तर हायल्युरोनिडेज नावाच्या औषधाने ते विरघळवता येतं. नाकासाठी याच्याशिवाय दुसरं फिलर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

धागे, म्हणजे थ्रेड. नाक उचलून धरायला ते कातडीखाली घालतात. पीडीओ नावाच्या विरणाऱ्या पदार्थाचे धागे साधारण सहा महिन्यांत शरीरात विरतात. ते हायल्युरोनिडेजने विरघळत नाहीत. विरघळतात हा गैरसमज फार आहे.

बोटॉक्स. नाकाचा शेंडा खाली ओढणारा किंवा नाकाच्या बाजूला सुरकुत्या पाडणारा स्नायू सैल करायला. परिणाम तीन-चार महिने टिकतो. शेजारच्या स्नायूत उतरलं तर वरचा ओठ लोंबतो किंवा हसू वाकडं होतं. औषधाचा असर ओसरला की तेही जातं. याबद्दल पुढे फारसं सांगण्यासारखं नाही.

इशारा: पातळ सिलिकॉन, ‘कायमचं टिकणारं’ फिलर, सुई नसलेल्या दाबाच्या पेनाने फिलर आणि ऑनलाइन मागवलेली सिरिंज, या चारही गोष्टींना नाही म्हणा. त्या पेनांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली लोकांना जाहीर सावध केलं होतं. दोन मैत्रिणींनी मिळून एक सिरिंज घेणं किंवा उरलेलं फिलर ‘टच-अप’साठी ठेवायला सांगणंही नको. सुई बदलली तरी सिरिंज एका माणसाची झाली ती झाली, रक्तातून पसरणारे आजार त्यातून जाऊ शकतात.

टप्पा २: डॉक्टर निवडताना पाच प्रश्न

पार्लरमध्ये इंजेक्शन घ्यायचं नाही, ते पार्लर जळगावच्या रिंग रोडवर असो की मुंबईत. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन निवडा. त्यांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत पडताळून घ्या. सुरत-इंदूरचे असतील तर त्या राज्याच्या कौन्सिलकडे पाहा.

मग हे विचारा. विचारायला लाज वाटू देऊ नका, चांगला डॉक्टर खूशच होतो.

१. फिलर कोणतं? सीलबंद डबी माझ्यासमोर उघडाल का? डबीवरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख माझ्या कागदावर चिकटवाल का?

२. हायल्युरोनिडेज आत्ता, या खोलीत आहे का? किती बाटल्या? रक्तवाहिनी तुंबली तर मोठा डोस लागतो आणि तासातासाला तपासून पुन्हा द्यावा लागतो. १५०० युनिटची एकच बाटली असेल तर ती पुरेलच असं नाही.

३. दृष्टीवर परिणाम झाला तर मला कोणत्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवाल? नाव आणि अंतर सांगा.

४. रात्री दोन वाजता मी फोन केला तर कोण उचलेल? दवाखान्याचा नंबर नको, माणसाचा हवा.

५. नाकाची रक्तवाहिनी तुंबण्याची गुंतागुंत तुम्ही पाहिली आहे का, आणि काय केलं?

तपासा: दुसऱ्या प्रश्नाला ‘लागतच नाही’ किंवा ‘मागवून घेऊ’ असं उत्तर आलं, तर चप्पल घाला आणि निघा.

टप्पा ३: तारीख आणि परतीची सोय

लग्नाच्या आधी किमान चार आठवडे हे उरकलेलं असावं, सहा असतील तर उत्तम. सूज दोन-तीन दिवसांत बरीच उतरते, काळानिळा डाग आठ-दहा दिवस राहू शकतो, आणि काही सुधारायचं असेल तर दोन आठवड्यांनी पाहावं लागतं. हळदीच्या आदल्या आठवड्यात सुई घेतलेल्या नाकावर हळद चोळली जाते, मग दाबाची नथ लागते. दाबाच्या नथीचा चाप नाकपुडीच्या पाळीवर बसतो, आणि तिथला रक्तपुरवठा मुळातच बारीक. आखाजीला माहेरी आल्यावर करून घेऊ असं ठरवणाऱ्यांनीही दिवस मोजावेत. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पहिले दोन दिवस चेहऱ्याला उष्णता नको असते.

आता मुख्य गोष्ट. त्या रात्री त्याच शहरात मुक्काम करा. दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत. नातेवाईक, लॉज, काहीही चालेल, पण सोबत एक जागता माणूस हवा. सकाळी डॉक्टरांना नाक दाखवूनच निघायचं. मुक्कामाचा खर्च जड वाटत असेल, तर प्रक्रियेचा खर्चच अजून पुरता जमलेला नाही असं समजा.

घरी परतल्यावरच्या दिवसांसाठी आणखी एक काम निघण्यापूर्वी करा. आपल्या गावाजवळ हायल्युरोनिडेज कुठे मिळेल ते फोन करून विचारून ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला भूल देताना हे औषध वापरतात, त्यामुळे चोपडा, शिरपूर, चाळीसगाव अशा ठिकाणी ते त्वचेच्या दवाखान्यापेक्षा डोळ्यांच्या दवाखान्यात असण्याची शक्यता जास्त. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाने घाटाचा रस्ता आणि रात्रीची वेळ धरून हिशेब करावा आणि दोन रात्री शहरातच राहावं.

टप्पा ४: आधीचे पंधरा दिवस

दातांचं मोठं काम, रूट कॅनाल किंवा दात काढणं, आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे नको. ताप, सर्दी, सायनसचा त्रास किंवा नाकावर पिकलेली पुळी असेल तर तारीख पुढे. नाक नुकतंच टोचलेलं असेल तर ते छिद्र पूर्ण भरून कोरडं होईपर्यंत थांबा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे करू नये.

आठवडाभर आधीपासून ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल बंद करा, रक्तस्राव आणि डाग कमी होतात. मात्र हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर सुरू असलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांनाच विचारा.

डॉक्टरांना हे आपणहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका:

नाकाचं किंवा फाटलेल्या ओठाचं आधी ऑपरेशन झालंय का. गाडीवरून पडून नाक मोडलं होतं का. अशा नाकात रक्तवाहिन्यांची जागा बदललेली असते आणि आतल्या व्रणामुळे त्या बाजूला सरकत नाहीत, सुई थेट आत शिरण्याचा धोका वाढतो. लहानपणीचा अपघात लोक सांगतच नाहीत, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. नाकात आधीचं कुठलं फिलर आहे का. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता का, कारण अशांना हायल्युरोनिडेजची ॲलर्जी असू शकते.

आदल्या दिवशी दोन गोष्टी करा. मोबाइलवर नाकाचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून फोटो काढा, उजेडात, ब्युटी मोड बंद ठेवून. आणि दाबून पाहण्याची चाचणी शिकून घ्या: नाकाच्या शेंड्यावर बोट दाबा, दोन सेकंद धरा, सोडा. फिकट झालेली जागा साधारण दोन सेकंदांत पूर्वीच्या रंगावर येते. नाकपुडीच्या दोन्ही पाळ्या आणि भुवयांमधली जागाही अशीच पाहा. सावळ्या कातडीवर फरक हलका दिसतो, म्हणून स्वतःचं नेहमीचं नाक कसं वागतं हे आधी ठाऊक असायला हवं.

टप्पा ५: सुईच्या वेळी

मेकअप नको. चेहरा जंतुनाशकाने नीट पुसून घेतला पाहिजे. डॉक्टर कणभर कणभर, सावकाश सोडतील, एका जागी ०.१ मिलीपेक्षा कमी, आणि मध्ये थांबून रंग पाहतील. पूर्ण नाकाला सहसा १ मिलीच्या आतच लागतं. शेंडा आणि नाकपुड्यांच्या पाळ्या ही सगळ्यात जोखमीची ठिकाणं. ‘शेंडा अजून थोडा उचला ना’ असा आग्रह आपण धरायचा नाही.

धोका कशाचा आहे ते नीट समजून घ्या. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत माती अडकली की सुकतं ते पुढचं झाड, नळी जिथे तुंबली तिथे बाहेरून काहीच दिसत नाही. फिलर रक्तवाहिनीत शिरलं तर असंच होतं: सुई कण्यावर आणि पांढरा पडतो शेंडा किंवा कपाळ. त्याहून वाईट म्हणजे नाकाच्या कण्यावरची रक्तवाहिनी डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेली आहे. सुईच्या दाबाने फिलर उलट्या दिशेने सरकून डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊ शकतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेकदा काही सेकंदांत, सुई अजून आत असतानाच.

म्हणून डोळे उघडे, मोबाइल दूर, आणि हे झालं तर लगेच मोठ्याने बोला: अंधुक दिसणं, एका डोळ्यापुढे अंधार, दोन-दोन दिसणं, डोळ्यात कळ, पापणी खाली येणं, अचानक डोकेदुखी, मळमळ, बोलताना अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं. ‘डॉक्टर काम करताहेत, संपू दे’ म्हणून गप्प बसायचं नाही.

तपासा, उठण्यापूर्वी: आरशात रंग पाहा, दाबून पाहण्याची चाचणी करा, एकेक डोळा झाकून भिंतीवरचं काहीतरी वाचा. निदान अर्धा तास तिथेच बसा.

टप्पा ६: पहिले २४ तास

बरेच जण इथे चुकतात, कारण सुरुवातीला काहीच दुखत नाही. बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन मिसळलेलं असतं. ते दोन-तीन तासांनी उतरतं आणि मग खरं दुखणं कळतं.

मुक्कामाच्या ठिकाणी झोपेपर्यंत तासातासाला आणि रात्री निदान दोनदा उठून हे करा. उजेडात फोटो. शेंडा, दोन्ही पाळ्या, भुवयांमधली जागा आणि वरचा ओठ इथे दाबून पाहणं. दुखणं वाढतंय की कमी होतंय, ते वेळेसकट कागदावर. सोबतच्या माणसाने पाहिलं तर जास्त चांगलं, स्वतःला आरशात सगळं ठीकच वाटत असतं.

साधं काय: सगळीकडे सारखी हलकी सूज, टोचल्या जागी लाल ठिपका, दाबलं तर दुखणं, हळूहळू कमी होणारं.

धोक्याचं काय: एखादा भाग पांढराफटक किंवा राखेसारखा फिकट. जाळीसारखे जांभळट पट्टे, तेही सुईच्या जागेपासून दूरवर. दाबून सोडल्यावर रंग तीन-चार सेकंदांनंतरही न येणं, किंवा उलट गडद जांभळ्या जागेचा रंग दाबल्यावर हलतच नाही असं होणं. तासागणिक वाढणारं दुखणं. शेंडा थंडगार लागणं. यातलं एक जरी दिसलं तरी पुढचा टप्पा सुरू करा. दुखत नाही म्हणून थांबू नका, काही वेळा रक्तवाहिनी तुंबूनही फारसं दुखत नाही.

इशारा: पहिल्या दिवशी नाक दाबून आकार देऊ नका. पालथं झोपू नका. जड चष्मा, घट्ट गॉगल आणि नाकावर टेकणारं हेल्मेट दोन आठवडे टाळा. वाफ, भर उन्हातला प्रवास, चुलीसमोर किंवा भट्टीजवळ बसणं दोन दिवस नको. उनपदेवच्या गरम कुंडात अंघोळीचा बेतही दोन आठवडे पुढे न्या.

टप्पा ७: धोक्याची खूण दिसली तर, याच क्रमाने

१. घड्याळ पाहा, वेळ लिहा.

२. डॉक्टरांना फोन करा. असं सांगा: ‘आज इतक्या वाजता नाकात हायल्युरॉनिक फिलर इतके मिली घेतलं. शेंडा आता जांभळट आहे, दाबल्यावर रंग परत येत नाही, दुखणं वाढतंय. रक्तवाहिनी तुंबल्याचा संशय आहे. मी निघालो आहे.’ फोटो पाठवा, पण फोटोचं उत्तर येईपर्यंत बसून राहू नका.

३. बर्फ लावला असेल तर काढा. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं ठेवा. कोमट म्हणजे मनगटावर सोसेल इतकंच, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही.

४. निघा. पहिल्या चार तासांत हायल्युरोनिडेज मिळालं तर कातडी वाचण्याची आशा सगळ्यात जास्त. उशीर झाला तरी जायचंच, दुसऱ्या दिवशीही औषधाचा उपयोग होऊ शकतो.

५. डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहू नका. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि फिलरच्या डबीचं स्टिकर दाखवा. तिथल्या तातडीच्या विभागात फिलरची केस रोजची नसते, म्हणून त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी किंवा नेत्ररोग विभागाच्या डॉक्टरांना बोलवा असं स्पष्ट म्हणा.

६. ॲस्पिरिन डॉक्टर सांगतील तरच घ्या.

७. औषध दिल्यावर लगेच घरी येऊ नका. तासाभराने रंग परत तपासायला हवा आणि गरज पडली तर पुन्हा डोस घ्यायला हवा. नाक पूर्वीसारखं बसकं होईल, होऊ द्या.

डोळ्याचं लक्षण असेल तर हा क्रम सोडा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट डोळ्यांच्या रुग्णालयात. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, रक्ताशिवाय साधारण ६० ते ९० मिनिटंच तग धरतं, आणि वेळेत पोचूनही दृष्टी परत येईलच असं कोणी सांगू शकत नाही. बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली तर तो मेंदूचा झटका समजून मोठं रुग्णालय गाठा.

टप्पा ८: दुसरा ते पंधरावा दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाकावर बारीक पांढऱ्या पुळ्यांचा पुंजका आला, की मेडिकलवाला मुरमांचं मलम देतो, शेजारीण नागीण म्हणते. डाग जांभळट आणि त्यावर पुळ्या, हे तुंबलेल्या रक्तवाहिनीचंच उशिरा दिसलेलं रूप असू शकतं. पुळ्या फोडू नका, मलम चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. काळी खपली धरली असेल तर ती स्वतः उपटायची नाही.

संसर्गाचं चित्र वेगळं: जागा गरम, लाल, ठणकणारी, पू, कधी ताप. फिलर असो की धागा, त्याला प्रतिजैविक लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवलेलं आणि पूर्ण मुदतीचं. अर्धी पट्टी खाऊन सोडायची नाही.

धागे घेतलेल्यांनी शेंडा आणि नाकपुडीची आतली बाजू टॉर्चने पाहत राहावी. धाग्याचं टोक कातडीखाली टोचतंय, पांढरा ठिपका दिसतोय किंवा टोक बाहेर आलंय, असं झालं तर ते ओढू नका आणि कात्रीने कापू नका. ओढल्याने अर्धा तुकडा आत राहतो आणि जंतूंना वाट मिळते. डॉक्टर तो पूर्ण काढतात. कातडीवर खळी पडली किंवा शेंडा एका बाजूला वळला तरी घरी चोळून सरळ करण्याचा प्रयत्न नको.

फेशियल, ब्लीच, नाकावरच्या पट्ट्या ओढून काळे ठिपके काढणं, हे सगळं दोन आठवड्यांनंतर.

टप्पा ९: महिन्यांनंतर

नाकाच्या कण्यावर निळसर छटा दिसत असेल तर फिलर फार वरच्या थरात बसलंय. ते थोडं विरघळवून ठीक होतं. नाक समोरून पहिल्यापेक्षा रुंद दिसायला लागलं तर फिलर बाजूला पसरलंय. अशा वेळी वरून आणखी भरणं ही नेहमीची चूक, आधी विरघळवा, मग दोन आठवडे थांबून ठरवा.

सर्दी-तापानंतर किंवा दातांच्या कामानंतर नाकात अचानक गाठ, सूज, लाली आली तर ती फिलरभोवतीच्या जंतूंची किंवा शरीराच्या प्रतिक्रियेची असू शकते. संसर्ग नाही याची खात्री होण्याआधी कोणी थेट स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

टप्पा १०: कागद

संमतिपत्राची प्रत, बॅच क्रमांकाचं स्टिकर, बिल, फोटो आणि वेळेची नोंद एका पाकिटात ठेवा. बिल न देणाऱ्याकडे सुई घेऊच नका. काही बिघडलं तर उपचाराच्या नोंदींची लेखी मागणी करा. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. डॉक्टरच्या वागणुकीबद्दलची तक्रार राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाते, भरपाईची जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आणि आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उपचार सुरू असतानाच अर्ज करता येतो, बरं होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

पुढे कधी नाकाचं ऑपरेशन करायचं ठरलं, तर त्या सर्जनला हेच पाकीट पहिल्या भेटीत दाखवा. जुनं फिलर वर्षानंतरही नाकात शिल्लक असू शकतं आणि ते आधी विरघळवायचं की नाही हे त्यांना ठरवावं लागतं.